सगळ्यांचा भाग पहिला

राघवेंद्र मुखेडकर सरांना या व्यवहारात काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, कारण त्यांनीही आधी तेवढंच मांडलं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावरची ती लाल पट्टी पुन्हा निळी होणार होती. नवी हार्ड डिस्क घ्यावी लागणार नव्हती. दिवाळीला चार घरी न्यायची मिठाई वाचणार होती. आणि 'आमचे सर कॉम्प्युटरमधलं सगळं स्वतः करतात' असं कॉलनीत म्हटलं जाणार होतं. या शेवटच्या रकमेवर सरांचा बाकी तिन्हींपेक्षा जास्त डोळा होता. जाण्याच्या बाजूला त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सर पुस्तपालन शिकवत, आणि ज्याला दुसरी बाजू नाही तो व्यवहारच नाही, हे वाक्य दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत. पण फळ्यावरचं घरी आणायचं नसतं, एवढी शिस्त शिक्षकाच्या अंगी असतेच.

लॅपटॉप मुळात मुलीचा, मुग्धाचा. ती लग्न करून पुण्याला गेली आणि नवा घेतला, तेव्हा जुना वडिलांकडे राहिला. जागा भरत आली की त्यावरची पट्टी लाल व्हायची, आणि लाल रंग दिसला की सरांना आपली उत्तरपत्रिका कुणीतरी तपासून ठेवल्यासारखं वाटायचं. शोध घेतल्यावर जागा कुणी अडवली आहे ते कळलं. मुग्धाच्या लग्नाने.

फोटोग्राफरने लग्नाच्या दोन वस्तू दिल्या होत्या. एक तयार फिल्म. तिच्यात लातूरचं मंगल कार्यालय आकाशातून दिसतं, नवरानवरी विनाकारण हळूहळू चालतात, आणि सगळ्यावर सिनेमाची गाणी आहेत. ती सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये होती आणि कुणीही ती पूर्ण पाहिलेली नव्हती. दुसरं म्हणजे कच्चं चित्रीकरण, तब्बल वीस जीबीचं. त्याची प्रत फोटोग्राफरनेसुद्धा ठेवली नव्हती. 'आम्ही दोन महिन्यांनी डिलीट मारतो, सर,' असं त्याने हातोहात सांगून टाकलं होतं.

या कच्च्या चित्रीकरणात सरांच्या सासऱ्यांचा, अप्पांचा आवाज होता. अहमदपूरच्या शाळेतून केव्हाच निवृत्त झालेल्या अप्पांनी नातीसाठी स्वतः मंगलाष्टकं रचली होती आणि हातात कागद न घेता म्हटली होती. तयार फिल्ममध्येही ते दिसतात, पण त्यांचे नुसते ओठ हलतात आणि वर कुठलीतरी बाई प्रेमभंगाचं गाते. वैशाखात लग्न झालं, आषाढात अप्पा गेले. त्यानंतर अधूनमधून, भाजी निवडता निवडता, विनीताबाई लॅपटॉप पुढ्यात ओढत, ती आठ मिनिटं लावत, आणि संपली की झाकण मिटून उठत. अप्पांचा दुसरा कुठलाही आवाज कुणाकडे नव्हता, कारण अप्पा फोनवर 'बरं आहे' एवढंच बोलून तो शेजारच्याकडे देणाऱ्यांपैकी होते.

"आठ मिनिटांसाठी वीस जीबी?" सर म्हणाले.

"अप्पांचा आवाज आहे त्यात."

"अगं, आवाज कुठे जातो? मी नुसती घडी घालून ठेवतो."

घडी घालणं म्हणजे झिप करणं. गादी गुंडाळून दोरी आवळली की ती अर्धी होते, तसं लग्न आवळलं की दहा जीबीचं होईल, असा सरांचा अंदाज होता. पहिल्याच क्लिकला यंत्राने सांगितलं, परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. या घरात ॲडमिनिस्ट्रेटर कोण हे इतक्या वर्षांच्या संसारात ठरलेलं नव्हतं, त्यामुळे सर थोडे बावरले. शेवटी मुग्धाचा जुना पासवर्ड आठवला. मग दिवसभर लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरत राहिला. संध्याकाळी घडी तयार झाली तेव्हा वीसचे एकोणीस पूर्णांक आठ झाले होते. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तो आणखी दबत नाही, हे कुठेतरी लिहिलेलं असणार. पण सर वाचणाऱ्यांतले नव्हते, शिकवणाऱ्यांतले होते.

हा अपमान त्यांनी पोटात ठेवला असता, पण सिद्धलिंगप्पांनी तो बाहेर काढला. सिद्धलिंगप्पा म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मूळचे उदगीरचे, वीज मंडळातून निवृत्त, आणि पुतण्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असल्यामुळे यंत्राच्या बाबतीत अधिकारी. पुतण्या सिव्हिलला होता, पण अधिकाराला शाखा नसते.

"दाबून काय राहिलात सर?" सिद्धलिंगप्पा म्हणाले. "दाबून काय होत न्हाई. तोडा. मोठी फाइल तोडता येते. पाच तुकडे करा, पाच पेन ड्राइव्हवर टाका, लॅपटॉप मोकळा."

"आणि परत बघायचं असेल तर?"

"जोडायचं! एक, दोन, तीन, चार, पाच. नंबरानं लावलं की जुडते. पुतण्यानं सांगितलंय."

पाच पेन ड्राइव्ह सरांच्या कपाटात होतेच. एका विमा कंपनीच्या चर्चासत्रात ते दरवर्षी जात आणि दरवर्षी एक निळा पेन ड्राइव्ह घेऊन येत. सगळे एकाच आईची लेकरं. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह चार जीबीवरची एकसंध फाइल आत घेत नाही हेही दोनदा तोंडघशी पडल्यावर कळलं, मग चारच्या जरा आतले पाच तुकडे केले आणि एकेकावर एकेक बसवला. वर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी: 'चि. सौ. कां. मुग्धाचा विवाह, भाग १', 'भाग २', असे पाचपर्यंत.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पाच पेन ड्राइव्ह, एक डबा, एक कपाट. पण सिद्धलिंगप्पा अजून गेले नव्हते.

"पाचही एकाच कपाटात? मग तोडून फायदा काय? चोरी झाली तर पाचही जातील. लोक घराचे कागद एका जागी ठेवतात का? एक इथं, एक लॉकरला, एक मेव्हण्याकडे. वाटा सर, वाटा."

वाटा म्हटल्याबरोबर सरांच्या डोक्यात दिवाळी पेटली. चार घरी मिठाईऐवजी पेन ड्राइव्ह! लग्नाची आठवण म्हणून द्यायचा, म्हणजे भेटही होते आणि आपली ठेवही सांभाळली जाते. लोक दुसऱ्याच्या घरात फार तर छत्री ठेवतात. सरांनी वीस जीबी ठेवायचं ठरवलं, तेही उपकार केल्याच्या तोऱ्यात. पहिला भाग त्यांनी स्वतःकडे ठेवला. दुसरा सिद्धलिंगप्पांना, कारण ते तिथेच उभे होते. तिसरा अर्धापूरला थोरल्या बहिणीच्या यजमानांना, हणमंतराव भाऊजींना. चौथा लातूरला व्याह्यांना, व्यंकटरावांना. पाचवा अहमदपूरला मेव्हण्याला, सुदर्शनला. मग लॅपटॉपवरचं मूळ लग्न त्यांनी कचरापेटीतसुद्धा न थांबवता थेट पुसलं. पट्टी निळी झाली.

"अप्पांचा आवाज नीट आहे ना?" विनीताबाईंनी विचारलं.

"पाच ठिकाणी आहे!" सर म्हणाले. "आधी एका ठिकाणी होता."

प्रत्येक ठिकाणी पाचवा हिस्सा आहे, आणि पाचव्या हिश्शाला एकट्याने तोंड उघडता येत नाही, हे सांगायला ते विसरले. विसरले म्हणजे वाक्य तिथे फार छान संपलं होतं.

भाऊबीजेनंतर फोन सुरू झाले. पहिला अर्धापूरहून. हणमंतराव भाऊजींची केळीची बाग होती, आवाज बागेच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा, आणि फोनवरही ते तेवढंच अंतर धरून बोलत.

"राघू! टीव्हीला लावलं, दिसंना काही!"

"ते असं दिसत नाही भाऊजी. तो एक भाग आहे. सगळे जुळले की दिसतं."

"ते जाऊ दे. ह्याच्यावर तीन लिवलंय."

"हो. तिसरा भाग."

"म्हंजे आम्ही तिसरे?"

पलीकडे केळीच्या पानांची सळसळ.

"या घराचा थोरला जावई मी. तुझ्या लग्नात वरातीचा घोडा मी धरला. अन् आमाला तिसरा नंबर. दोन कुणाला दिला?"

दोन शेजाऱ्याला दिला, हे सांगण्याइतके सर अजून निगरगट्ट झालेले नव्हते.

लातूरचा फोन सौम्य होता, म्हणून जास्त लागला. व्यंकटराव शिक्षण खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ते बोलत तेव्हा वाक्याच्या शेवटी शिक्का मारल्यासारखं वाटे. "नाही, आमची काही तक्रार नाही, सर. फक्त मंडळी विचारत होती, मुलाकडच्यांना चौथा क्रमांक कोणत्या निकषावर दिला. आम्ही म्हटलं, निकष असेल काहीतरी." आणि सुदर्शन तर मेव्हणाच, त्याला सौम्यपणाची गरज नव्हती. "दाजी, अप्पा माझे वडील. त्यांची मंगलाष्टकं ज्या भागात आहेत तो भाग माझ्याकडे पाहिजे. पाचवा म्हणजे शेवटचा. शेवटी काय असतं? पंगतीची खरकटी पानं अन् मांडववाला."

हे तुकडे ओळीने कापलेले आहेत, त्यात कुणाच्या वाट्याला कोण असं काही नाही, हे सरांनी चौघांना वेगवेगळं समजावलं. चौघांनीही ऐकून घेतलं, आणि मग आपापल्या भागात आपण आहोत का ते विचारलं. भाऊजींना फेटा बांधतानाचं हवं होतं. व्याह्यांना स्वागताचं. सिद्धलिंगप्पांना फक्त त्यांनी केलेला आहेर नीट दिसतो का एवढंच पाहायचं होतं. सरांनी प्रत्येकाला 'तुमच्याचकडे आहे' असं सांगितलं. खोटं बोलल्याने जागा अडत नाही, हा त्यातला फायदा.

संक्रांतीला मुग्धा आणि जावई, मुकुल, पहिल्या सणाला नांदेडला आले. हलव्याचे दागिने घालून दोघं पाटावर बसली, आणि चौघं मानकरी आपापला पेन ड्राइव्ह खिशात घालून आले. तिळगूळ तोंडात विरघळायच्या आत भाऊजींनी आपला निळा तुकडा स्टीलच्या ताटलीत ठेवला.

"हे घे बाबा परत. आमाला नको तिसरेपण."

व्यंकटरावांनी आपला त्याच्या शेजारी ठेवला. "आमचाही जमा करून घ्यावा. वाद नको."

सुदर्शनने ठेवला. सिद्धलिंगप्पांचं कुणाशी भांडण नव्हतं, पण ताटलीत ठेवायचा कार्यक्रम आहे असं वाटून त्यांनीही ठेवला. आणि तो दुसरा आहे हे भाऊजींनी चिठ्ठीवर वाचलं.

"शेजारी दुसरा? अन् बहिणीचा नवरा तिसरा?"

पाटावर मुग्धा हलव्याच्या मुकुटात ताठ बसली होती, व्याही छताकडे पाहत होते, आणि आतून विनीताबाई तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन येता येता दारातच थांबल्या होत्या. अशा वेळी माणसाला एक तर शहाणपण सुचतं किंवा सरांना सुचलं ते.

त्यांना सुचलं की एका घरात दोन पहिले असू शकत नाहीत, पण चार घरांत चार पहिले असायला कुणाची हरकत आहे? त्यांनी ताटली उचलली, आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे नेली, एकेक पेन ड्राइव्ह लावून आतल्या फाइलच्या नावाचा आकडा पुसून तिथे एक घातला, जुन्या चिठ्ठ्या खरवडल्या, आणि प्रत्येकावर नवी डकवली: 'भाग १'. बाहेर येऊन ताटली फिरवली. ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने उचलला.

"बघा भाऊजी. पहिला."

"आता कसं!" भाऊजींनी दुसरी वडी घेतली.

व्याह्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला. "योग्य दुरुस्ती," ते म्हणाले. सुदर्शनने शर्टाच्या खिशाला बटण लावलं. सरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी मुकुलला तीनदा तिळगूळ दिला. चार सारखे निळे तुकडे, चार सारखी नावं, आणि चार पाहुणे चार दिशांना गेले.

आषाढ आला. अप्पांचं वर्षश्राद्ध अहमदपूरला होतं. विनीताबाई नवऱ्याकडे सहसा काही मागत नसत, कारण मागितलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. या वेळी त्यांनी मागितलं.

"जेवणं झाली की सगळे बसतील. तेव्हा अप्पांची मंगलाष्टकं लावू. सगळ्यांना ऐकायची आहेत. मलाही. दिवाळीपासून ऐकली नाहीत मी."

"लावू की," सर म्हणाले. "जोडायचाच अवकाश."

सुदर्शनचा आणि भाऊजींचा पेन ड्राइव्ह येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर आला. सिद्धलिंगप्पांनी भिंतीवरून दिला. लातूरचा पार्सलने आला, आणि पार्सलच्या खिडकीवर अडला. व्यंकटरावांनी मालाच्या वर्णनात, अधिकाऱ्याच्या सवयीने, जे आहे ते लिहिलं होतं: 'विवाह, पहिला भाग, एक नग.'

"विवाह म्हंजे काय हाय आत?" खिडकीमागच्याने विचारलं.

"मुलीचं लग्न आहे."

"मुलीचं लग्न पार्सलनं आलं?"

"लग्नाचा पाचवा हिस्सा."

"अन् हितं तर पहिला लिवलंय. साहेब, तुमचं नक्की ठरू द्या, मागं रांग हाय."

सरांनी आधार कार्ड दाखवलं, त्यावर राघवेन्द्र होतं आणि पाकिटावर राघवेंद्रराव. शेवटी रांगेतल्या एका माजी विद्यार्थ्याने 'सर आहेत हो ते' अशी हमी दिली आणि रांगेतल्या सगळ्यांनी सरांकडे, लग्न पार्सलने मागवणारे सर म्हणून, नीट पाहून घेतलं.

पुण्याहून मुग्धा व्हिडिओ कॉलवर बसली. तिला पडदा दिसेल आणि तिथून चालवता येईल असा लॅपटॉप जोडून दिल्यावर तिने सरांना एकेक चिठ्ठी कॅमेऱ्यापुढे धरायला लावली.

"बाबा, यातला दुसरा कुठला?"

"सगळे पहिले आहेत."

"सगळे पहिले कसे असतील?"

"असतात," सर म्हणाले. "तू त्या दिवशी पाटावर बसली होतीस. तुला चारही बाजूंनी बघावं लागत नव्हतं."

मुग्धाने तुकडे पुढेमागे लावून पाहायला सुरुवात केली. चौथ्या पेन ड्राइव्हला ती थांबली. "बाबा, यात आपली फाइलच नाही. यात 'करपा रोग उपाय' आहे. 'केळी घडव्यवस्थापन' आहे. आणि एक कीर्तन."

सरांनी अर्धापूरला फोन लावला.

"हाव, ते केलं मी," भाऊजी म्हणाले. "उघडतच नव्हतं ना राघू. टीव्ही म्हणायचा फॉरमॅट करा, फॉरमॅट करा. लई दिवस सहन केलं, मग केलं एकदाचं. जागा वाया चालली होती. पण तुझी चिठ्ठी काढली न्हाई हां, भाग पहिला तसाच ठेवलाय वरून."

सरांना संतापायचं होतं. पण वाया जाणारी जागा मोकळी केल्याबद्दल माणसावर कोणत्या तोंडाने संतापायचं, ते त्यांना सुचेना.

"मूळ तुम्ही पुसलंत?" मुग्धाने विचारलं.

"जागा नव्हती."

"बाबा, तेवढी आठ मिनिटं कापून घेतली असती तर आईच्या फोनमध्ये मावली असती. मला फोन केला असतात तर तिथल्या तिथे कापून दिली असती."

विनीताबाई सरांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते सरांना कळलं नाही, आणि वळून विचारायची त्यांची छाती झाली नाही.

एक तुकडा तेवढा खरा पहिला होता, सरांकडचा. संक्रांतीच्या ताटलीत तो नव्हता, कारण स्वतःला मान द्यायची गरज सरांना वाटत नसे. तो त्यांच्याकडे असतोच. त्याच्या पुढे उरलेल्यांतला एकही जुडेना, म्हणजे दुसरा नेमका भाऊजींकडेच गेला होता; तेव्हा मुग्धाने त्यातून जे निघालं ते काढलं. हळद निघाली, सीमांतपूजन निघालं, कुणाचं तरी हरवलेलं पोर आणि त्याच्यासाठी माइकवरून तीन वेळा झालेली घोषणा निघाली. आणि अगदी शेवटी, तुकडा संपता संपता, अंतरपाटाशेजारी अप्पा उभे राहिलेले निघाले.

अहमदपूरला जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत बसले. सुदर्शनने टीव्हीला तार जोडली. पडद्यावर अप्पा आले. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, माइक जवळ घ्या." अप्पांनी माइक जवळ घेतला, घसा साफ केला, समोर कुणाकडे तरी पाहिलं, आणि विचारलं, "म्हणू का?"

पडदा काळा झाला.

मग व्यंकटराव म्हणाले, "स्पष्ट आहे आवाज." भाऊजींनी सुपारी इकडची तिकडे केली आणि सरांकडे झुकले.

"हे कुठल्या भागातलं रे?"

"पहिल्या," सर म्हणाले.

भाऊजींनी समाधानाने मान डोलावली. व्यंकटरावांनीही डोलावली. सुदर्शन बहिणीकडे पाहून म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? अप्पा माझ्याच भागात होते."

आता या व्यवहारात कुणी काय भरलं ते मांडू. भाऊजींनी काही भरलं नाही; त्यांना केळीवरची दोन व्याख्यानं आणि एक कीर्तन मिळालं. व्याह्यांनी काही भरलं नाही. त्यांचा क्रमांक दुरुस्त झाला. सुदर्शनला वडील मिळाले, निदान त्याची तशी समजूत आहे. सिद्धलिंगप्पांचा सल्ला चुकला नव्हता; नंबरानं लावलं असतं तर जुडलं असतं, असं ते अजून सांगतात आणि ते खरंही आहे. राघवेंद्र सरांनी चार दिवस मान खाली घालून जेवण केलं, पाचव्या दिवशी ती आपोआप वर आली. बाकी सगळं विनीताबाईंनी भरलं. आठ मिनिटं त्यांची गेली, दोन शब्द परत आले.